वरचा मजला

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

इंदूरच्या घराचा वरचा मजला किरायाने द्यायचं ठरवलं आहे. बाबा फोनवर अर्धं ऐकून "बघू" म्हणतात आणि फोन आईच्या हाती जातो, म्हणून सगळं लिहूनच कळवतो.

किरायेदार जोडपं आहे: नवरा शीतलामाता बाजारात साडीच्या दुकानात आहे, बायको एका खासगी दवाखान्यात नर्स, बहुतेक रात्रपाळी. सोबत त्याचे वडील. मराठी नाहीत, हे आधीच सांगतो, कारण आईचा पहिला प्रश्न तोच असेल. स्वयंपाकघरात काय शिजतं, हे मी विचारलेलं नाही आणि विचारणारही नाही.

बायको जागा बघायला आली तेव्हा आधी मोरीतला नळ सोडून पाहिला. नर्मदेचं पाणी नळाला कोणत्या वेळी येतं, ते विचारलं. मग गच्चीवर जाऊन टाकीचं झाकण उघडलं आणि आत डोकावली. खोल्या शेवटी. तिथेही एकच प्रश्न : खिडक्यांना जाड पडदे लावले तर चालतील ना, दिवसा झोपावं लागतं.

नवऱ्याचे वडील हुकुमचंद मिलमध्ये होते. बाबा, १९९१ च्या डिसेंबरात मिल बंद पडली ते तुम्ही पाहिलंय. कामगारांची देणी निघाली २०२३ च्या डिसेंबरात, ४,८०० कामगारांचे २२४ कोटी. तोवर कितीतरी जण वाट बघून गेले. ह्यांच्या वाट्याचे पैसे जुनी कर्जं फेडण्यात गेले. देणी भागवायला पैसा हाउसिंग बोर्डाने घातला, आणि मिलच्या ४२ एकरांवर आता घरं-दुकानं उठायची आहेत. त्यातलं एखादं ह्या मुलाला परवडेल, असं मला तरी वाटत नाही.

"सरकारी घर का घेत नाहीत?" असं दादा म्हणाला. चौकशी करून झालीय त्यांची. पंतप्रधान आवास योजनेत सगळ्यात खालच्या गटाला वर्षाच्या उत्पन्नाची मर्यादा ३ लाख, आणि ह्या दोघांचे पगार मिळून जेमतेम तिच्या वर जातात. तिने नोकरी सोडली तर नियमात बसतात, पण मग हप्ता कशातून भरायचा? शिवाय घरं कुठे, तर कनाडियाकडे. तयार भिंती जोडून १,०२४ घरं बांधायचा तो प्रकल्प, २०२१ च्या १ जानेवारीला पायाभरणी झाली होती तो. बांधकामाबद्दल माझी तक्रार नाही. पण रात्री उशिरा दुकान वाढवून हा तिथे पोचणार कधी, आणि तिने रात्रपाळीला जायचं कसं? स्वस्त घराचे वाचलेले पैसे पेट्रोलमध्येच जायचे.

बाबा म्हणतात, रामबागेत आता आपली मराठी माणसं उरली नाहीत. खरंय. पण त्यांना हाकललं कोणी? मुलं पुण्याला, बंगळुरूला गेली, मागोमाग म्हातारे गेले (तुम्हीही गेलातच की, गुडघ्याचं निमित्त करून!), घराला कुलूप, मग भावाभावांत वाटणीचा वाद, मग बिल्डर. समोरच्या वाड्याच्या जागी चार मजले उठले. त्यातले दोन फ्लॅट कोणी नुसते घेऊन ठेवलेत, संध्याकाळी दिवासुद्धा लागत नाही. त्या बंद फ्लॅटांबद्दल गल्लीत कोणी चकार शब्द काढत नाही. किरायेदार मात्र कुठला, कोणत्या जातीचा, ह्याची पंचाईत सगळ्यांना. आपणही होळकरांच्या पाठोपाठ आलेलेच.

बिल्डरचा माणूस परत येऊन गेला. ह्या वेळी आकडा वाढवून आला होता. चहा पाजून वाटेला लावलं. तुमच्या हयातीत हा विषय नको, आणि नंतरचं दादा आणि मी बघू.

किराया सात हजार, वीज वेगळी. दलालाने नऊ सांगितले होते, पण नऊ देणारे वर्षभरात सोडून जातात. पोलीस थाण्यात माहिती देऊन आलोय. करार अकरा महिन्यांचा, घर बाबांच्या नावावर असल्याने सही त्यांचीच लागेल. कागद कुरियरने निघालेत. खुणा केल्यात तिथे सह्या करून दादाकरवी लगेच परत पाठवा, एक तारखेला ते सामान आणणार आहेत. आणि आई, माळ्यावरची तांब्या-पितळेची भांडी मी खाली आणून ठेवतोय, त्यांची काळजी करू नकोस.

तुमचा,
बाळ