नव्या शाळेत पैलवान पोराची गैरहजेरी

मा. संपादक साहेब, नमस्कार.

माझा पोरगा यंदा जूनला आठवीसाठी कोल्हापूरच्या हायस्कूलला आला. सातवीपर्यंत राधानगरी तालुक्यात गावातच होता, वर्गात पोरं अठरा आणि सरांना प्रत्येकाचं घर माहीत. इथं एका तुकडीत साठच्या वर, आणि हा राहतोय तालमीत. पहाटे साडेचारला उठायचं, जोर-बैठका, मग मातीत लढती, थंडाई, अंघोळ आणि अकराला शाळा, मधल्या सुट्टीनंतर डोळा लागतोच की हो त्याचा, मग बाकावर उभं राहायचं. संध्याकाळी परत मेहनत.

त्याचा डावा कान मोडायला लागलाय, म्हणजे लढतीत रगडून सुजून जाड व्हायला लागलाय. तालमीत कान मोडला की वस्ताद पाठीवर थाप मारतात, वर्गात पोरं ‘पुरी’ म्हणून हाक मारतात. फोनवर मला म्हणाला, पप्पा, टोपी घालून बसलं तर चालतंय काय? त्या रात्री मला झोप नाही.

शालेय कुस्तीला १४ वर्षांखालच्या गटात शाळेच्याच नावावर खेळला. परिपाठाला टाळ्या झाल्या, पण हजेरीत ते तीन दिवस गैरहजर, आणि त्यातच गणिताची घटक चाचणी झाली तिचे शून्य. शाळेत भेटायला गेलो तर सर म्हणाले दहावीला खेळाचे वाढीव गुण मिळतात की. अहो दहावी अजून लांब आहे, तोवर पोरानं गणिताचा नादच सोडला तर काय करायचं?

ज्या गावात शाहू महाराजांनी कुस्तीचं खासबाग मैदान बांधलं तिथली ही गोष्ट आहे. १९५२ ला पैलवान खाशाबा जाधवांना हेलसिंकीच्या ऑलिंपिकला जायला पैसे नव्हते तेव्हा राजाराम कॉलेजच्या प्राचार्य खर्डेकरांनी स्वतःचं घर गहाण टाकून ७००० रुपये दिले, खाशाबांनी ब्राँझ आणलं. आमचं मागणं फार थोडं आहे. चुकलेली चाचणी एखाद्या शनिवारी परत घ्या, शाळेसाठी खेळलेल्या दिवसांची हजेरी लावा, आणि नव्यानं आलेल्या खेळाडू पोरांवर पहिले दोन-तीन महिने लक्ष ठेवायला एक सर नेमा, त्यांच्याकडं वस्तादांचा नंबर असू दे म्हणजे पोरगं वर्गात का झोपतंय ते तरी कळेल.

त्याच्या शेजारी बसणाऱ्या पोरानं परवा आपणहून गणिताची वही दिली. रविवारी तालमीत कुस्ती बघायला पण आला म्हणे, आणि त्या दिवशी फोनवर माझं पोरगं पहिल्यांदा शाळेबद्दल दहा मिनिटं बोललं.

एक पालक, ता. राधानगरी