घसा बघितलास का?

चि. मनू,

अनेक आशीर्वाद.

काल "आई, मला डोस पाजू नकोस" म्हणालीस आणि फोन ठेवून दिलास. आवाज इतका बसलाय की ते वाक्यसुद्धा मला अर्धंच कळलं. घोगऱ्या आवाजात रागावता येत नाही गं, हसूच येतं ऐकणाऱ्याला. मग हसू ओसरलं आणि काळजी तेवढी उरली. म्हणून लिहिते आहे. वाचायला घसा लागत नाही.

आधी गुळण्या. पेलाभर कोमट पाण्यात पाव ते अर्धा चमचा मीठ, बस्स. जास्त मीठ टाकून जास्त गुण येत नाही, उलट आग होते. मान मागे टाकून पाणी घशाशी खळखळलं पाहिजे आणि मग थुंकून टाकायचं. लहानपणी तू नुसतं गालात फिरवून थुंकायचीस आणि "झाल्या" म्हणायचीस; मी दाराबाहेर कान लावून उभी असायचे. आता दाराबाहेर कोणी नाही, तेव्हा स्वतःला फसवू नकोस. सुजेमधलं पाणी मिठाने थोडं ओढलं जातं, ठणका कमी होतो. त्याने जंतू मरत नाहीत, हे लक्षात ठेव.

मध चमचाभर, नुसता किंवा कोमट पाण्यात. घशाला अस्तर लागल्यासारखं होतं आणि रात्रीचा खोकला शांत होतो. (ताईकडे गेलीस की बाळाला मात्र मधाचं बोट चाटवू नकोस. वर्षाच्या आतल्या बाळाला मधातून बोट्युलिझम, म्हणजे अंग लुळं पाडणारी विषबाधा, होऊ शकतो. ताईला सांगायला गेले तर तीही फोन ठेवते.) आल्याचं पाणी, हळद घातलेलं दूध, जे घशाखाली उतरेल ते घे, ऊब बरी वाटते, पाणी पोटात जातं. गार बरं वाटत असेल तर गारही घे, गाराने घसा बिघडतो हा आजीचा हट्ट होता. ज्येष्ठमधाची कांडी चघळ, पण बाबांना देऊ नकोस, त्याने रक्तदाब वाढतो. आणि वाफ घेताना उकळतं पातेलं मांडीवर धरून बसू नकोस. घसा राहतो बाजूला आणि माणूस भाजतो.

पण आरशात बघितलंस का? टॉर्च लावून, आ करून? टॉन्सिलवर पांढरे ठिपके आहेत का? जबड्याखाली गाठी लागतात का हाताला? ताप किती? खोकला-सर्दी असेल तर मला उलट बरं वाटेल. नाक वाहणं, खोकला, घोगरा आवाज ही बहुतेक वेळा व्हायरसची लक्षणं, आणि तो आठवड्याभरात आपला आपण जातो. त्याला अँटिबायोटिक लागतही नाही, चालतही नाही. खोकला नसताना ताप, गाठी आणि पांढरे ठिपके असले की मला भीती वाटते.

आता तू म्हणशील, झालं, मामावर आलीच. हो, आले. त्याचाही घसाच दुखत होता. आजीने काढे दिले, गुळण्या करवल्या, ताप उतरला, तो खेळायला गेला. दोन-तीन आठवड्यांनी गुडघा सुजला. तो उतरतो तोवर घोटा, मग कोपर. आम्हाला वाटलं खेळताना पडला असेल. पुढे डॉक्टरांनी छातीला स्टेथोस्कोप लावला आणि बराच वेळ काढलाच नाही. त्यानंतर दर तीन आठवड्यांनी पेनिसिलिनचं इंजेक्शन. मी त्याच्याबरोबर जायचे. येताना तो एका पायावर भार देत चालायचा आणि वाटेत कोणी भेटलं की सरळ चालायचा. हृदयाच्या झडपेचं पुढचं तुला माहीत आहे.

मामाला झाला तो ऱ्हुमॅटिक ताप बहुतेक 5 ते 15 वर्षांच्या मुलांना होतो, तुझ्या वयात पहिल्यांदा होणं फार क्वचित, हे मला कळतं. डॉक्टरांनाही मी विचारून घेतलंय. पण तू दिवसभर त्याच वयाच्या मुलांत उभी असतेस आणि ती तोंडावर खोकतात, हेही तूच सांगितलंस. घशातून स्वॅब घेऊन तपासता येतं. स्ट्रेप, म्हणजे ज्याच्या मागून हा ताप येतो तो घशातला जंतू, निघाला तर दुखणं सुरू झाल्यापासून 9 दिवसांच्या आत औषध सुरू केलं तरी तो ताप टळतो. तुझं रविवारी सुरू झालं ना? की शनिवारी? आणि गोळ्या दिल्या तर 10 दिवस म्हणजे 10 दिवस. बरं वाटलं की पाकीट ड्रॉवरमध्ये टाकायचं नाही.

बघ, डोस पाजायचा नाही असं ठरवून बसले होते. सॉरी. एवढंच ऐक: थुंकी गिळता येईना, तोंड उघडेना, एकाच बाजूला फार दुखायला लागलं किंवा श्वास अडकला, तर मध नाही नि मीठ नाही, तडक दवाखाना.

बाबा सगळ्यांना सांगतात, आमच्या मनूच्या वर्गात मागच्या बाकावरचं पोरही गप्प बसून ऐकतं. मी त्यांच्यापुढे "हो का" म्हणते, पण मलाही सांगत सुटावंसं वाटतं. तेव्हा चार दिवस तो आवाज जरा जपून वापर. फळ्यावर लिही, मुलांकडून मोठ्याने वाचून घे. कुजबुजत बोलू नकोस, त्यानेही ताण पडतो. बोलायचंच तर हळू, साध्या आवाजात. रजा घेतलीस तर वर्ग बुडणार नाही. आणि आवाज दोन-तीन आठवड्यांत सुटला नाही तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखव.

फोन करू नकोस, बोलावं लागेल. घशाचा फोटो पाठव.

तुझी,
आई

ता. क. जीभ चमच्याने खाली दाब आणि मग काढ. मागच्या वेळी नुसत्या जिभेचा फोटो आला होता.