रविवारची फ्लेमिंगो फेरी, आणि वादाबद्दल थोडं

मंडळी, येत्या रविवारी सकाळी ६:३० ला सीवूड्स स्टेशनवर तिकीट खिडकीजवळ जमायचंय, तिथून रिक्षाने नेरुळच्या डीपीएस तलावाकडे. वेळ भरतीचं टाइमटेबल बघून ठरवलीय, कारण भरती आली की खाडीतला चिखल पाण्याखाली जातो आणि फ्लेमिंगो तिथून उठून तलावांवर येऊन बसतात, म्हणजे पोरांना जवळून दिसतील. उशीर करू नका, पक्षी आपल्यासाठी थांबत नाहीत!

- पाणी, टोपी, दुर्बीण असेल तर. नाश्ता घरून, डब्यात. प्लास्टिक नको.
- ड्रोन नाही, दगड मारणं नाही, टाळ्या वाजवून उडवणं तर अजिबात नाही.

आता दुसरं. तलाव राहिले पाहिजेत की नाही, बांधकाम किती व्हावं, यावर प्रत्येकाचं मत आहे आणि ते असावंच. ठाणे खाडी २०२२ पासून रामसर स्थळ (म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा) आहे पण आजूबाजूच्या तलावांना भरतीचं पाणी मिळालं नाही तर ते सुकतात, माझं स्पष्ट मत आहे की पाण्याची वाट मोकळीच हवी. तुमचं वेगळं असेल तर तिथे चालता चालता बोलू, पण पक्ष आणि नेते मधे आणू नका प्लीज. मागच्या वेळी दोन काकांचं इतकं पेटलं की पोहे गार झाले आणि पोरं कंटाळून घरी चला म्हणायला लागली. ज्यांना तलावांबद्दल पत्र द्यायचंय त्यांनी स्वतःच्या नावाने द्या, ग्रुपच्या नावाने नाही.

येणाऱ्यांनी शुक्रवारपर्यंत किती मोठे किती लहान ते इथेच टाका.