आकडा मान्य, माप दुसरे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

लोकांपुढे खरी आकडेवारी ठेवली की मते बदलतात, असा कालच्या अग्रलेखाचा सूर आहे. बँकेच्या काउंटरवर हयात घालवलेल्या मला तो अजिबात पटला नाही.

नोटाबंदीच घ्या. नोव्हेंबर २०१६ मध्ये माझ्या खिडकीसमोरच्या रांगेत एक निवृत्त गुरुजी असायचे. हातात आधारची झेरॉक्स, भरलेला फॉर्म. नंबर येईपर्यंत कॅश संपायची. पाय सुजले, तरी म्हणायचे, ‘आम्हाला त्रास झाला तर होऊ द्या साहेब, काळा पैसा आता बँकेत येत नाही, जागीच कुजणार.’ चार-पाच लाख कोटी परत येणार नाहीत, असा सरकारचाही अंदाज होता. महान्यायवादींनी तो सर्वोच्च न्यायालयात सांगितला होता.

ऑगस्ट २०१८ मध्ये रिझर्व्ह बँकेचा वार्षिक अहवाल आला. १५.४१ लाख कोटींपैकी १५.३१ लाख कोटींच्या नोटा परत आल्या होत्या, म्हणजे ९९.३ टक्के. कात्रण घेऊन मी गुरुजींच्या घरी गेलो. त्यांनी चष्मा लावून ते नीट वाचले आणि म्हणाले, ‘म्हणजे सगळा पैसा हिशेबात आला. हेच तर हवे होते!’ मग आवाज चढले, सूनबाईंनी आणलेला चहा तसाच निवला. तेव्हापासून गुरुजी मला रस्त्यात टाळतात, याचे फार वाईट वाटते. आकडा त्यांना मान्यच होता. मोजायचे माप मात्र त्यांनी बदलले होते.

विरोधकांचे समर्थकही वेगळे नाहीत. जून २०२४ मध्ये महाविकास आघाडीला लोकसभेच्या ४८ पैकी ३० जागा मिळाल्या, तेव्हा माझ्या भाच्याला मतदानयंत्रात काही खोट दिसली नाही. नोव्हेंबरात विधानसभेला महायुती जिंकली आणि दिसू लागली. व्हीव्हीपॅटच्या चिठ्ठ्या जुळल्याचे सांगितले, तर म्हणतो, ‘मामा, त्याही त्यांच्याच.’

म्हणून कळकळीची विनंती आहे. एखादा मोठा निर्णय होईल त्याच दिवशी नेत्यांना आणि वाचकांना विचारा, की काय घडले म्हणजे हा फसला असे तुम्ही मानाल? उत्तरे नावानिशी छापा आणि वर्ष-दोन वर्षांनी तीच पुन्हा छापा. दर रविवारी दोन प्रवक्त्यांचे समोरासमोर लेख छापून कोणाचे मत हललेले मी पाहिलेले नाही.

आणखी एक. नोटाबंदीच्या घोषणेला आपण अख्खे पहिले पान दिले होते. रिझर्व्ह बँकेच्या आकड्याचे ते कात्रण मी आतल्या पानावर, जाहिरातीच्या खालून कापले होते.

आपला,
एक निवृत्त बँक कर्मचारी, सांगली