‘मोल्ड’ म्हणजे दर वेळी बुरशी नव्हे

संपादक महोदय,

कडोलीत आमचा भाजीचा थोडा मळा आहे. यंदा मिरचीचे तरू (लावणीची रोपे) टाकताना सुनेने बियाण्यासोबत आलेला कागद वाचला. त्यात मराठीत छापले होते : ‘माती आणि वाळूत एक भाग पानांची बुरशी मिसळावी.’ ती कागद घेऊनच माझ्याकडे आली. ‘मामा, बुरशीनं तर रोपं मान टाकतात, आन् हे मिसळा म्हणतंय!’ मागच्या बाजूला इंग्रजी मजकूर होता. तिथे ‘लीफ मोल्ड’ असे शब्द होते. म्हणजे पालापाचोळा कुजून झालेली काळी, भुसभुशीत माती.

हा ‘मोल्ड’ माझ्या चांगल्या ओळखीचा आहे. बेळगावच्या उद्यमबागेतल्या फौंड्रीत, म्हणजे लोखंड ओतायच्या कारखान्यात, मी एकतीस वर्षे मोल्डर होतो. तिथे ‘मोल्ड’ म्हणजे वाळूचा साचा. सिलिका वाळू, बेंटोनाइट नावाची चिकणमाती, कोळशाची पूड आणि बेताचे पाणी. मूठभर वाळू दाबायची, बोटांचे ठसे स्वच्छ उमटले आणि मोडल्यावर कड ढासळली नाही, की समजायचे वाळू जमली. पाणी जास्त झाले तर ओतलेल्या लोखंडाच्या उष्णतेने त्याची वाफ होऊन आत कोंडते आणि कास्टिंगला, म्हणजे ओतीव वस्तूला, ब्लो होल (पोकळ भोके) पडतात. लोखंड थंड होताना आकसते, म्हणून पॅटर्न, म्हणजे ज्यावरून साचा घडवतात तो नमुना, मुळातच शेकडा एक भाग मोठा करावा लागतो. आमचे कानडी सोबती साच्याला ‘अच्चु’ म्हणत. साच्यात घातलेला गूळ तो ‘अच्चु बेल्ल’.

निवृत्तीनंतर मोठ्या कोशात हा शब्द शोधला तेव्हा कळले की इंग्रजीत हे एकाच रूपाचे (mould) तीन वेगळे शब्द आहेत. साचा या अर्थाचा ‘मोल्ड’ फ्रेंचमधून आला, त्याच्या मुळाशी लॅटिन ‘मोड्युलस’, म्हणजे छोटे माप. मॉडेल आणि मॉड्यूल त्याचीच भावंडे. शेकडा एक भागाचा हिशेब जन्मभर केलेल्या माणसाला हे मूळ लगेच पटले. बुरशीचा ‘मोल्ड’ निराळा, ‘बुरसणे’ या अर्थाच्या जुन्या क्रियापदापासून झालेला. स्कँडिनेव्हियाच्या जुन्या भाषेत त्याचे नातेवाईक सापडतात. आणि मातीचा ‘मोल्ड’ जुन्या इंग्रजीतला अस्सल घरचा, दळण्याच्या अर्थाच्या धातूपासूनचा. इंग्रजीत पिठाला ‘मील’ म्हणतात, तोही त्याच घरातला. भुसभुशीत माती आणि पीठ एका धातूतून निघाले हे वाचले त्या रात्री मला बराच वेळ झोप आली नाही. अमेरिकेत तिन्ही शब्दांतले ‘यू’ अक्षर गाळतात, तरी ते तिथेही एकसारखेच दिसतात.

आपल्याकडेही असे आहे. दळलेले ‘पीठ’ संस्कृत ‘पिष्ट’पासून आले, आणि बसायचे ‘पीठ’ मूळचेच पीठ. राणी चन्नम्मा विद्यापीठाची पाटी वाचून कुणाला गिरणी आठवत नाही, कारण मराठी आपल्या अंगवळणी आहे. भाषांतर करणाऱ्याला शेत अंगवळणी नसेल, तर कोशातला पहिला अर्थ उचलला जातो.

सीमाभागात मराठीत छापलेला असा कागद आमच्या हातात क्वचित येतो. आला की घरातली बाई तो सगळा वाचते, त्यावर विश्वास ठेवते. म्हणून तो बरोबर असावा, ही माझी कळकळीची मागणी आहे. भाषांतर छापण्याआधी एकदा शेतकऱ्याला वाचून दाखवा. आपणही शेतीच्या पानावर मळ्यातले आणि फौंड्रीतले शब्द अर्थासह देत जावेत. सांगायला माझ्यासारखे पुष्कळ निवृत्त कामगार उद्यमबागेच्या आसपास आहेत.

सुनेने शेवटी आंब्याखालचा कुजका पाला चाळून घेतला. या घोळात आमचे तरू मात्र आठ दिवस उशिरा पडले.

— एक निवृत्त मोल्डर, कडोली (ता. बेळगाव)