चोवीस आठवडे उलटलेल्या अत्याचारपीडित मुलीने कुठे जायचे? आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

महोदय, स.न.वि.वि.

गर्भ चोवीस आठवड्यांच्या पुढे गेला की आपल्या १९७१ च्या वैद्यकीय गर्भपात कायद्यात (एमटीपी) गर्भपाताचे दोनच मार्ग उरतात. गर्भात गंभीर व्यंग असल्याचे वैद्यकीय मंडळाने ठरवले, तर आठवड्यांची मर्यादा लागू होत नाही. आणि बाईचा जीव वाचवण्यासाठी तातडीची गरज असेल, तर कलम ५ खाली डॉक्टर गर्भपात करू शकतो. बलात्कारातून दिवस गेलेली तेरा-चौदा वर्षांची मुलगी या दोन्हींत बसत नाही. गर्भ निरोगी असतो, तिचा जीव त्या घडीला धोक्यात नसतो. मग तिच्या आईबापांनी वकील गाठायचा आणि उच्च न्यायालयात रिट याचिका करायची.

गर्भपाताला विरोध करणाऱ्या राजकारणातही बलात्काराचा अपवाद बरेच जण मान्य करतात. अमेरिकेत २०२४ च्या एप्रिलमध्ये डोनाल्ड ट्रम्प यांनी हा प्रश्न राज्यांवर सोपवताना बलात्कार, कुटुंबातला अत्याचार आणि आईचा जीव हे तीन अपवाद हवेत असे सांगितले. त्यांच्याच पक्षाच्या ताब्यातल्या टेक्ससमध्ये मात्र बलात्काराचा अपवाद आजही नाही. आईच्या जिवाचा अपवाद तिथे होता, पण डॉक्टरला जन्मठेपेपर्यंत शिक्षेची भीती असल्याने बाई किती अत्यवस्थ झाल्यावर हात लावायचा हेच रुग्णालयांना ठरवता येईना. शेवटी २०२१ चा कडक कायदा आणणारे रिपब्लिकन सिनेटर ब्रायन ह्यूज यांनीच २०२५ मध्ये स्पष्टीकरणाचे विधेयक आणले. धोका अगदी समोर येऊन ठाकेपर्यंत थांबायची गरज नाही, हे त्यात लिहावे लागले. अपवाद छापून भागत नाही. कोणी, किती दिवसांत आणि कशाच्या आधारावर ठरवायचे, हेही लिहावे लागते. आपले घोडे नेमके तिथेच अडले आहे.

आपल्याकडे २०२१ ची दुरुस्ती नरेंद्र मोदी सरकारनेच आणली आणि बलात्कारपीडित, अल्पवयीन, विधवा, घटस्फोटित, दिव्यांग अशा स्त्रियांसाठी वीसची मर्यादा चोवीसवर नेली. म्हणजे तत्त्वाचा वाद सत्ताधारी बाजूने स्वतःच मिटवला आहे. राहिला तो चोवीसनंतरचा.

या मुली उशिरा का येतात, हे समजून घ्यावे. पाळी सुरू होऊन वर्ष-दीड वर्षच झालेले असते, ती महिन्याच्या महिन्याला येत नसते, त्यामुळे चुकली तरी घरात कोणाला शंका येत नाही. अत्याचार करणारा घरातला किंवा शेजारचा असला, तर मुलगी तोंड उघडत नाही. पोट दिसू लागते पाचव्या-सहाव्या महिन्यात. मग सोनोग्राफी, पोलिसांत नोंद, जबाब, बालकल्याण समिती, जिल्हा रुग्णालयातून वैद्यकीय महाविद्यालयाकडे चिठ्ठी. तेवीसाव्या आठवड्यात दवाखान्यात आलेली मुलगी कागदपत्रे पुरी होईपर्यंत पंचविसाव्यात जाते.

त्यात आठवडे मोजण्याचीच अडचण आहे. शेवटच्या पाळीची तारीख सांगता येत नाही, म्हणून सगळा भार सोनोग्राफीवर. बावीस आठवड्यांनंतर पहिल्यांदाच केलेल्या सोनोग्राफीत गर्भाच्या वयाचा अंदाज दोन आठवड्यांपर्यंत मागे-पुढे होऊ शकतो. डोक्याचा घेर, पोटाचा घेर आणि मांडीच्या हाडाची लांबी घेऊन यंत्र ‘२४ आठवडे ३ दिवस’ असा आकडा छापते. प्रत्यक्षात ती मुलगी तेवीसाव्यात असू शकते. तरी त्या तीन दिवसांवरून तिला उच्च न्यायालयात धाडले जाते. अहवालात अंदाजाची कक्षा लिहावी आणि संशयाचा फायदा मुलीला मिळावा, असे परिपत्रक आपले खाते काढू शकते.

अशा याचिकेत न्यायालय ज्याचा अभिप्राय मागते, ते वैद्यकीय मंडळ नेमणे कायद्याने राज्याचे काम आहे. स्त्रीरोगतज्ज्ञ, बालरोगतज्ज्ञ आणि रेडिओलॉजिस्ट सक्तीचे. बाकी सदस्य राज्याने अधिसूचित करायचे. अत्याचारपीडितांच्या प्रकरणात प्रत्येक मंडळावर मानसोपचारतज्ज्ञ असलाच पाहिजे. २०२४ च्या एप्रिलमध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे महाराष्ट्रातल्याच एका चौदा वर्षांच्या मुलीचे प्रकरण आले. पहिल्या मंडळाने गर्भाची तपासणी केली, पण गर्भ पुढे वाढू दिला तर मुलीच्या शरीरमनावर काय परिणाम होईल याचा विचारच केला नव्हता. न्यायालयाने शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात दुसरे मंडळ बसवले, परवानगी दिली, आणि पुढे पालकांनी मत बदलल्यावर आदेश मागेही घेतला. पण निकालात स्पष्ट लिहिले की मंडळाने केवळ व्यंगाच्या निकषावर थांबू नये आणि मुलीचे स्वतःचे मत प्रधान मानावे. त्यानंतरही ‘गर्भात व्यंग नाही, चोवीस आठवडे पूर्ण’ एवढ्यावर अहवाल संपत असेल, तर न्यायालयाला नवा अहवाल मागवावा लागतो आणि आठवडा जातो. नियमांनी मंडळाला अभिप्रायासाठी तीन दिवस आणि मान्यता दिल्यास गर्भपातासाठी पाच दिवस दिले आहेत, दोन्ही मुदती अर्ज मिळाल्यापासून. शनिवार-रविवार धरून हे पाळले जाते का, याची जिल्हावार नोंद दर महिन्याला प्रसिद्ध करा.

उशिराच्या गर्भपाताने अस्वस्थ होणाऱ्यांची भावना खोटी नाही. अठ्ठावीस आठवड्यांचे मूल नवजात अतिदक्षता विभागात जगू शकते, आणि म्हणून डॉक्टरांचेही हात थबकतात. पण ज्यांना हे सलते त्यांनी तर दिरंगाईविरुद्ध सर्वांत आधी बोलायला हवे. बावीस आठवड्यांवर होऊ शकणारा गर्भपात अठ्ठावीसपर्यंत ढकलणारी आपली यंत्रणाच आहे. पुढच्या आठवड्यांत गर्भाचे हृदय आधी थांबवण्यासाठी पोटॅशियम क्लोराइडचे इंजेक्शन द्यावे लागते. ते सोनोग्राफीखाली अचूक देणारे तज्ज्ञ मोठ्या शहरांतच सापडतात. नंदुरबार किंवा गडचिरोलीच्या मुलीला तिथवर न्यायचे, आईसह राहण्या-जेवण्याची सोय करायची, याचा खर्च अर्थसंकल्पाच्या कोणत्या शीर्षातून, हे आजच ठरवून ठेवायला हवे.

वीस ते चोवीस आठवड्यांतही नाहक अडवणूक होते. एफआयआरची प्रत आणा, नवऱ्याची सही आणा, कोर्टाचा आदेश आणा. यातले काहीच कायद्यात नाही. सज्ञान बाईची स्वतःची संमती पुरते, अठराखालील मुलीसाठी पालकाची लेखी संमती. एफआयआर ही अट नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २९ सप्टेंबर २०२२ च्या निकालात सांगितले. त्याच निकालाप्रमाणे पॉक्सोखाली (मुलांवरील लैंगिक अत्याचाराविरुद्धचा कायदा) पोलिसांना माहिती देताना, मुलीने आणि पालकांनी विनंती केल्यास, डॉक्टरने तिचे नाव उघड करण्याची गरज नाही. ही गोष्ट तालुक्याच्या डॉक्टरपर्यंत पोचलेली नसेल तर नावाच्या धास्तीने मुलगी भोंदूकडे किंवा गोळ्या विकणाऱ्याकडे जाते. पोलिसांना द्यायच्या पत्राचा नाव नसलेला नमुना गृहखात्याच्या सहीने प्रत्येक मान्यताप्राप्त केंद्राला पाठवावा.

गर्भपाताच्या गोळ्यांबद्दल एकच. मिफेप्रिस्टोन २०० मिलिग्रॅमची एक आणि मिसोप्रोस्टॉल २०० मायक्रोग्रॅमच्या चार, हे किट नऊ आठवड्यांपर्यंतच वापरायचे असते. सोनोग्राफीत लिंग दिसते ते त्याच्या बरेच नंतर. लिंगनिवडीला आळा घालायचा म्हणून औषध विक्रेत्यांना या किटच्या हिशेबाने धारेवर धरले, तर ते ठेवणेच बंद करतात आणि लवकरचा, सुरक्षित मार्ग बंद होतो. अन्न व औषध प्रशासन आपल्या खात्यात नाही, पण संबंधित मंत्र्यांशी हे बोलणे आपल्या हातात आहे.

चोवीसनंतर अत्याचारपीडितेचा निर्णयही वैद्यकीय मंडळानेच करावा, उच्च न्यायालयाचा फेरा नको, यासाठी कायदा संसदेलाच बदलावा लागेल. त्याची लेखी शिफारस महाराष्ट्राने करावी. १९७१ चा कायदा ज्या समितीच्या अहवालावर उभा राहिला, तिचे अध्यक्ष शांतिलाल शहा हे याच राज्याचे आरोग्यमंत्री होते. मानसोपचारतज्ज्ञाची अधिसूचना आणि नाव वगळण्याचे परिपत्रक यांसाठी मात्र दिल्लीची वाट पाहावी लागत नाही. ही दोन्ही या महिन्यात निघावीत, अशी विनंती आहे.

आपले,
स्त्रीरोगतज्ज्ञ आणि वकील