यंत्र थंडी बनवत नाही

महोदय,

दिवाळी उरकली की आपल्या दैनिकात हिवाळी सहलींच्या जाहिराती सुरू होतात. गेल्या रविवारी त्यातल्या एकीत ‘औली : बर्फाची हमी’ असे ठळक छापले होते आणि खाली मुंगीच्या अक्षरांत ‘कृत्रिम बर्फाची सोय’. औली म्हणजे उत्तराखंडातले स्कीचे, बर्फावरून घसरण्याच्या खेळाचे, ठिकाण. ते वाचून राहवले नाही. मी एकतीस वर्षे रत्नागिरीत बर्फाच्या कारखान्यात काढली. मिरकरवाडा बंदरातल्या मासेमारी ट्रॉलरना लाद्या पुरवायच्या, अमोनियाच्या वासात जेवायचे आणि वीज गेली की मालकाच्या शिव्या खायच्या. बर्फ करायला काय लागते हे जाहिरात लिहिणाऱ्यापेक्षा मला थोडे अधिक कळते, एवढाच माझा अधिकार.

जानेवारी २०२४ च्या दुसऱ्या आठवड्यात लेक, जावई आणि सात वर्षांच्या नातवाबरोबर मी औलीला गेलो होतो. नातवाला बर्फाचा माणूस करायचा होता. त्याच्या नाकासाठी त्याने पुण्याहून गाजर घेतले होते आणि ते बॅगेत सुकू नये म्हणून रोज ओल्या रुमालात गुंडाळायचा. जोशीमठहून वर जाणारा रोपवे जानेवारी २०२३ मध्ये जमीन खचल्यापासून बंद, म्हणून आम्ही गाडीने गेलो. वर पोहोचलो तर समोर नंदादेवी पांढरीशुभ्र आणि पायाखाली वाळके, तांबूस गवत. उतारावर पाच-पन्नास माणसे भाड्याचे गमबूट घालून फिरत होती. गमबूट खालीच गळ्यात मारतात, वर बर्फ असो की नसो. गाजर शेवटी एका खेचराने खाल्ले. ‘बर्फातील खेळ’ या नावाखाली घेतलेले पैसे सहल कंपनीने परत दिले नाहीत. निसर्गापुढे इलाज नाही म्हणे. मग हमी कसली दिली होती?

बर्फ फेकणाऱ्या तोफा उतारालगत ताडपत्रीखाली उभ्या होत्या. सवयीने मी ताडपत्री उचलून एकीची तोटी पाहिली. स्की शिकवणारा एक मुलगा हसला आणि म्हणाला, “अंकलजी, ठंड ही नहीं पड़ रही, गन क्या करेगी?” आमच्या गाइडने दोन दिवसांत जे सांगितले नाही ते त्या पोराने एका वाक्यात सांगितले.

आमच्या कारखान्यात थंडी आम्ही बनवायचो. कॉम्प्रेसर अमोनिया दाबायचा, मिठाच्या पाण्याची टाकी शून्याखाली आठ-दहा अंशांवर जायची, तिच्यात डबे सोडायचे आणि लादी धरायला दीड-दोन दिवस लागायचे. बाहेर मे महिन्याचे ऊन असले तरी फरक पडायचा तो वीजबिलात. डोंगरावरची तोफ थंडी बनवत नाही. ती पाणी आणि दाबलेली हवा यांचा बारीक फवारा उडवते, आणि तो खाली पडेपर्यंत गोठवण्याचे काम बाहेरच्या हवेनेच करायचे असते. हवा कोरडी असेल तर पारा शून्याच्या आसपास असतानाही जमते, दमट असेल तर उणे तीन-चार तरी लागते. माठाचेच गणित आहे हे. सोलापूरच्या कोरड्या उन्हाळ्यात माठातले पाणी गार होते, आमच्या दमट रत्नागिरीत तेवढे होत नाही. म्हणजे ज्या वर्षी थंडी दगा देते, नेमक्या त्याच वर्षी हे यंत्रही दगा देणार.

आता पाणी. एक किलोमीटर लांब आणि तीस मीटर रुंद उतारावर फूटभर बर्फ घालायचे म्हणा. तोफेचा बर्फ घट्ट असतो, त्याच्या घनमीटरला साधारण साडेचारशे लिटर पाणी जाते. मी कागदावर मांडले तर चाळीस लाख लिटरच्या वर गेले. दहा हजार लिटरचे चारशे टँकर! आमच्याकडे एप्रिलमध्ये एका टँकरसाठी वाडीत भांडणे होतात. आणि हे पाणी उपसायचे कधी, तर ऐन हिवाळ्यात, ओढे सर्वांत बारीक असतात तेव्हा. औलीत त्यासाठी वर तळे खणले आहे. २०११ साली तिथे दक्षिण आशियाई हिवाळी स्पर्धा झाल्या. तोफांचा नि तळ्याचा खटाटोप त्या निमित्ताने झाला. खालचे जोशीमठ जुन्या दरडीच्या मलब्यावर वसले आहे, तिथे जड बांधकामे करू नका, असे सरकारने नेमलेल्या मिश्रा समितीने १९७६ मध्येच बजावले होते. २०२३ मध्ये तिथल्या आठशेहून अधिक घरांना तडे गेले. ते तळ्यामुळे गेले असे मी म्हणत नाही, तो माझा विषय नाही. पण अशा गावाच्या डोक्यावर पाणी साठवण्याची योजना कुणी पुन्हा वाढवायला निघाले, तर आधी गावकऱ्यांना विचारावे.

गुलमर्गला जाऊ, असे कुणी म्हणेल. त्याच जानेवारीत गुलमर्गही उघडेबोडके होते. हिवाळ्यात तिथे बर्फ पाडणारे पश्चिमी विक्षोभ, म्हणजे पश्चिमेकडून येणाऱ्या वादळी प्रणाली, आले नाहीत आणि चिल्ला-ए-कलानचे, म्हणजे त्यांच्या कडक थंडीचे, चाळीस दिवस जवळजवळ कोरडे गेले. फेब्रुवारी २०२५ मध्ये तिथली खेलो इंडिया हिवाळी स्पर्धा बर्फाअभावी पुढे ढकलावी लागली आणि मार्चमध्ये उरकली.

तोफा अगदीच निरुपयोगी आहेत असेही नाही, हे कबूल करतो. युरोपातल्या २,२३४ स्की केंद्रांचा एक अभ्यास २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. जगाचे तापमान दोन अंशांनी वाढले तर त्यातल्या ५३ टक्के केंद्रांना बर्फटंचाईचा फार मोठा धोका आहे. निम्म्या उतारांवर तोफा लावल्या तर हा आकडा २७ टक्क्यांवर येतो. पण तिथे पैसा आहे, वीज आहे. आता तर आमच्या कारखान्यासारखी, स्वतः थंडी बनवणारी यंत्रेही परदेशी निघाली आहेत. पंधरा अंशांतही ती बर्फाचे तुकडे पाडतात. फ्रिजच्या मागे हात लावून पाहा, म्हणजे ती उष्णता बाहेर कुठे सोडत असतील ते कळेल. बिल कोण भरणार, ते तर मी विचारतच नाही.

माझी मागणी छोटी आहे. ‘बर्फाची हमी’ असे शब्द असलेली जाहिरात आपण घेऊ नये. घ्यायचीच तर बर्फ न मिळाल्यास किती पैसे परत, हे त्याच टायपात छापायला लावावे. औलीचा तो मुलगा वर्षातले जेमतेम दोन महिने स्कीवर कमावतो. बर्फ नसेल तर गोरसोंच्या कुरणापर्यंत चालत नेतो म्हणाला होता, पण आमच्या कार्यक्रमात त्याला वेळ नव्हता. दुपारी दोनला बस सुटली.

— बर्फाच्या कारखान्यातून निवृत्त झालेला एक वाचक, रत्नागिरी